अर्ध्या वाटेवर थांबलेला कालवा

१९८२ साली केस्टरसनच्या तळ्यांतले मासे तपासायला गेलेल्या जीवशास्त्रज्ञांच्या जाळ्यात एकच जात आली. गॅम्बुशिया. डासांच्या अळ्यांवर जगणारा, आपल्याकडे हिवताप विभागाचे लोक हौदात सोडतात त्या गप्पी माशाच्या कुळातला हा बोटाएवढा मासा. गटारातही तगणारा. बास, कार्प, कॅटफिश हे बाकीचे सगळे काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे होते. आता नव्हते. मायकेल सायकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेले गॅम्बुशिया प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा जवळच्या व्होल्टा अभयारण्यातल्या त्याच जातीच्या माशांच्या मानाने त्यांच्यात सुमारे शंभर पट सेलेनियम निघाले.

केस्टरसन हे तेव्हा कागदोपत्री पक्ष्यांचे माहेरघर होते. कॅलिफोर्नियाच्या सॅन वॉकीन खोऱ्यात, मर्सेड परगण्यातल्या गस्टीन गावाजवळ, १९७० साली हे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान म्हणून जाहीर झाले. जमीन आणि पाणी संघराज्याच्या सिंचन खात्याचे, म्हणजे ब्युरो ऑफ रेक्लमेशनचे. पक्ष्यांची व्यवस्था मत्स्य व वन्यजीव सेवेकडे. दोन्ही खाती एकाच गृहमंत्रालयाखाली. (अमेरिकेत गृहमंत्रालय म्हणजे पोलीस नव्हे, तिथे ते जमीन, पाणी, जंगल सांभाळते.) एका खात्याला पाणी टाकायला जागा हवी होती, दुसऱ्याला पाणथळीसाठी पाणी हवे होते. कॅलिफोर्नियातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणथळी त्याआधीच नांगराखाली गेल्या होत्या. अलास्कापासून दक्षिणेकडे येणाऱ्या लाखो बदकांना उतरायला जागा उरली नव्हती. मिळेल ते पाणी पदरात पाडून घेण्याचे दिवस होते ते.

हे पाणी आले कुठून, याची कथा वीस वर्षे मागे जाते.

१८ ऑगस्ट १९६२ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी सॅन लुईस धरणाच्या जागी आले आणि गव्हर्नर पॅट ब्राऊन यांच्यासोबत त्यांनी सुरुंगाचा दट्ट्या दाबला. उत्तरेकडचे पाणी खोऱ्याच्या कोरड्या पश्चिम कडेला आणण्याची ही योजना. सर्वांत मोठा लाभधारक होता वेस्टलँड्स जलजिल्हा (सिंचनाचे पाणी वाटणारी स्थानिक संस्था): सुमारे सहा लाख एकर, कापूस, टोमॅटो, खरबूज, आणि बऱ्याच ठिकाणी जमीनमालक हजारो एकरांचे धनी. पाणी आले, पिके डोलली. पण या जमिनीच्या पोटात कॉर्कोरन क्ले नावाचा चिकणमातीचा थर आहे आणि त्याच्या वरही मातीचे छोटेमोठे घट्ट थर आहेत. पिकांनी न प्यायलेले पाणी खाली मुरायला वाट नाही. ते साठत वर येते, सोबत क्षार आणते आणि मुळांशी येऊन थांबते.

सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाटाचे पाणी भरपूर आणि निचरा नाही, की जमीन आधी चिबड होते, मग खारवट, मग पांढरी फटक. उपायही इथेतिथे एकच: जमिनीखाली काही फुटांवर सच्छिद्र नळ्यांचे जाळे अंथरायचे आणि खारे पाणी बाहेर काढायचे. बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न मात्र नळ्या टाकण्याआधी विचारायचा असतो.

कॅलिफोर्नियात तो विचारला गेला होता, हे खरे. धरणाला मंजुरी देणाऱ्या १९६० च्या कायद्यातच निचऱ्याची तरतूद होती. सॅन लुईस ड्रेन नावाचा काँक्रीटचा कालवा १८८ मैल उत्तरेला जाऊन अँटिऑक गावाजवळ नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात रिकामा व्हायचा होता. १९६८ साली काम सुरू झाले. १९७५ पर्यंत ८५ मैल झाले आणि थांबले. खर्च फुगला होता. शिवाय आमच्या खाडीत शेतांची घाण नको, असे सॅन फ्रान्सिस्कोकडचे लोक म्हणू लागले होते. अर्धवट कालव्याचे टोक केस्टरसनला होते. तिथे बारा उथळ तळी, सुमारे १,२०० एकरांची, पाणी काही काळ धरून ठेवण्यासाठी खोदलेली होती. पुढचा कालवा होईपर्यंतचा मुक्काम म्हणून. पुढचा कालवा झालाच नाही, मुक्काम मात्र कायमचा झाला.

पहिली काही वर्षे तळ्यांत येणारे पाणी बऱ्यापैकी गोडे होते. बदके उतरत होती, मासे होते, सगळे खूश होते. १९७८ नंतर नळ्यांमधून आलेले निचऱ्याचे पाणी वाढू लागले आणि १९८१ पर्यंत तळ्यांत जवळपास तेच उरले. बाहेर जायला वाट नव्हती. उन्हाने पाणी उडून जाई, जे विरघळलेले होते ते मागे राही.

१९८३ चा वसंत. मासे गेले हे कळल्यावर पक्ष्यांचे काय, हे बघायला हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांचे सहकारी घरटी शोधत लव्हाळ्यात शिरले. घरटी होती, अंडीही होती. पण दिवस भरूनही बरीच अंडी उबत नव्हती. फोडून पाहिली, तेव्हा आत मेलेली पिल्ले होती. काहींना डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. काहींची वरची चोच नाही, खालची तेवढी पुढे आलेली. पायांच्या जागी खुंट, पंखांच्या जागी गाठी, एखाद्याचा मेंदू कवटीबाहेर आलेला. सर्वाधिक फटका वारकऱ्यांना बसला होता. वारकरी म्हणजे आपल्याकडच्या तलावांवर दिसतो तो पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी. त्याचा अमेरिकी भाऊबंद. टिबुकल्या, शेकाटे, बदके यांचीही तीच गत. पुढे प्रसिद्ध झालेल्या निबंधात आकडे आले: शेवटपर्यंत लक्ष ठेवलेल्या ३४७ घरट्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत किमान एक मेलेला गर्भ, आणि सुमारे २० टक्क्यांत उघड्या डोळ्यांना दिसणारे व्यंग असलेला किमान एक गर्भ किंवा पिल्लू.

कीटकनाशक असेल, असा पहिला संशय येणे साहजिक होते. रेचल कार्सनच्या कीटकनाशकांविरुद्धच्या पुस्तकाला वीसच वर्षे झाली होती आणि खोऱ्यात फवारणी कमी नव्हती. पण मासे सांगत होते ती दुसरीच गोष्ट. गंमत अशी की सिंचन खात्याच्या पाण्याच्या तपासण्यांत सेलेनियम नगण्य दिसत होते. खाऱ्या पाण्यातले क्षार त्या पद्धतीच्या आड येत होते. मेन्लो पार्कच्या भूशास्त्र सर्वेक्षणातले थेरेसा प्रेसर आणि आयव्हन बार्न्स यांनी नमुने वेगळ्या रीतीने तपासले आणि आकडे एकदम वर गेले. केस्टरसनला येणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम. पिण्याच्या पाण्याची तेव्हाची मर्यादा होती १०. शेतांच्या कडेच्या काही निचरा-विहिरींत तर हजाराच्या वर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे तो घातक कचराच.

हे सेलेनियम कुणी कारखान्यातून ओतले नव्हते. खोऱ्याच्या पश्चिमेला कोस्ट रेंजचे डोंगर आहेत, प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या खडकांचे. पानोचेसारखे ओढे हजारो वर्षे तो खडक झिजवत खाली आणत होते. त्याच गाळावर शेते उभी राहिली. कोरड्या हवेत सेलेनियम मातीतच पडून होते. पाटाचे पाणी फिरले, ते सेलेनेटच्या रूपात विरघळले, नळ्यांत उतरले आणि ८५ मैलांचा प्रवास करून बदकांच्या ताटात आले.

सेलेनियम हे चमत्कारिक मूलद्रव्य आहे. स्वीडनच्या बर्झेलियसने ते १८१७ साली ओळखले. शरीराला ते लेशमात्र लागतेच. त्याच्या थोडे पुढे गेले की विष. रासायनिक स्वभावाने ते गंधकाचे सख्खे शेजारी, म्हणून पेशी प्रथिने बांधताना गंधकाच्या जागी त्याला बसवून टाकते. शेवाळ ते पाण्यातून घेते, किडे शेवाळातून, मासे आणि पक्षी किड्यांतून. केस्टरसनच्या वनस्पती, किडे आणि माशांत ते व्होल्टाच्या तुलनेत १२ ते १३० पट होते. मोठा पक्षी कसाबसा सहन करतो. मादी मात्र ते अंड्यातल्या प्रथिनांत उतरवते, आणि गर्भाला त्याखेरीज दुसरे अन्न नसते. पाणी ओतून पातळ केले की झाले, हा इंजिनियरांचा नेहमीचा तोडगा इथे लंगडा पडतो तो यामुळेच. पाण्यात थोडेसे असले तरी अन्नसाखळी ते परत गोळा करते.

हे नवे ज्ञान होते असेही नाही. १९३० च्या दशकात साउथ डकोटात गुरांचे खूर आणि केस गळत होते. कर्ट फ्रँके यांनी तिथले धान्य कोंबड्यांना चारून पाहिले तेव्हा अंड्यांत विकृत पिल्ले निघाली होती. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही गावांत गुरांची अशीच दशा झाली, आणि तिथेही कारण मातीतले सेलेनियमच होते. नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज तलावात १९७० च्या दशकात कोळशाच्या राखेचे पाणी सोडले गेले आणि माशांच्या २० पैकी १९ जाती नष्ट झाल्या. साउथ डकोटाचे निष्कर्ष तर केव्हाचे छापलेले होते. केस्टरसन आखणाऱ्यांच्या टेबलावर ते कधी आले नाही, इतकेच.

पुढची दोन वर्षे सरकारी खात्यांत जे घडले ते विज्ञानापेक्षा राजकारण जास्त. वन्यजीव सेवेचे फीलिक्स स्मिथ हे जीवशास्त्रज्ञ एक गोष्ट धरून बसले. स्थलांतरी पक्ष्यांबाबत अमेरिकेचा १९१८ चा कायदा आहे. त्यात पक्षी मारणे हा गुन्हा आहे आणि तेव्हा लावल्या जाणाऱ्या अर्थाप्रमाणे मारण्याचा हेतू होता का, असे तो विचारत बसत नसे. मग बंदुकीऐवजी कालव्याने मारले तर काय? आणि मारणारे खाते सरकारचेच असेल तर? एका वृत्तसंस्थेचे लॉइड कार्टर, ‘सॅक्रामेंटो बी’चे टॉम हॅरिस यांच्यासारख्या बातमीदारांनी विषय लावून धरला. तळ्यांवर तोपर्यंत गॅसच्या तोफा ठेवल्या गेल्या होत्या. आश्रयस्थानात पक्ष्यांना आश्रय मिळू नये म्हणून कर्मचारी आवाज काढून त्यांना हुसकावत होते. शेजारच्या पशुपालकांनी राज्याच्या जलनियंत्रण मंडळाकडे दाद मागितली आणि ५ फेब्रुवारी १९८५ रोजी मंडळाने सिंचन खात्याला हुकूम दिला: तळी साफ करा, नाही तर बंद करा. १० मार्चला ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पिल्ले देशभर दाखवली.

पाच दिवसांनी, १५ मार्च १९८५ ला, लॉस बॅनोस गावी काँग्रेसच्या उपसमितीची सुनावणी होती. तिथे गृहमंत्री डोनाल्ड होडेल यांचा निर्णय वाचून दाखवण्यात आला: केस्टरसन तात्काळ बंद, आणि निचरा तिथे सोडणाऱ्या ४२,००० एकरांचे सिंचनही बंद. कारण तेच, १९१८ चा कायदा. आपल्या अधिकाऱ्यांवर फौजदारी होऊ शकते, हे मंत्रालयाला उमगले होते. सभागृहातल्या शेतकऱ्यांना धक्का बसला. कापसाची पेरणी तोंडावर आली होती. काही दिवसांतच तडजोड झाली: पाणी मिळत राहील, पण जून १९८६ पर्यंत नळ्यांची तोंडे बुजवायची. ती बुजवली गेली. पक्ष्यांनी जे मिळवले नसते ते एका जुन्या कलमाने आणि तुरुंगाच्या भीतीने मिळवून दिले, असे म्हणायला हरकत नाही.

तळी बंद झाली. त्यांच्या तळाचा गाळ तिथेच होता. राज्य मंडळाचा पहिला आग्रह सगळा गाळ उकरून जागच्या जागी बंदिस्त खड्ड्यात पुरण्याचा होता. पण लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या लोकांना दिसले की सेलेनियम मुख्यतः वरच्या थोड्या थरात अडकले आहे आणि प्राणवायू नसलेल्या चिखलात ते न विरघळणाऱ्या रूपात जाते. धोका होता तो पावसाळ्यात सखल भागांत साचणाऱ्या डबक्यांचा. तिथे पक्षी पुन्हा उतरले असते. म्हणून १९८८ साली निम्म्याहून अधिक सखल जमीन माती टाकून वर उचलली गेली. रिव्हरसाइड विद्यापीठाचे विल्यम फ्रँकनबर्गर याच वेळी बुरशीच्या मागे होते. मातीतल्या काही बुरशी सेलेनियमचे वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. संत्र्या-लिंबांच्या साली मिसळल्या, जमीन ओलसर ठेवली आणि अधूनमधून उलथली, तर त्या हे काम झपाट्याने करतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. अभयारण्याचा उरलेला भाग १९९६ मध्ये सॅन लुईस अभयारण्यात विलीन झाला. तळ्यांच्या जागी आज कोरडे गवत आहे.

इथेच गोष्ट संपवली जाते, आणि ते चूक आहे. खरे काम यानंतरचे, आणि त्यात कॅमेऱ्याला दाखवण्याजोगे काहीच नव्हते.

केस्टरसनच्या उत्तर-दक्षिणेला ग्रासलँड्स नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे, कॅलिफोर्नियात उरलेल्यांपैकी सर्वांत मोठा. बराचसा भाग बदकांच्या शिकारी क्लबांचा. हे क्लबही वर्षानुवर्षे शेतांचे निचऱ्याचे पाणी वापरत होते. १९८५ नंतर त्यांनी ते बंद केले, पण पाट तेच. आज त्यातून निचरा नदीकडे जाई, काही दिवसांनी त्याच पाटातून पाणथळीसाठी गोडे पाणी येई. मधल्या वेळेत पाट धुऊन काढायचे. ही आलटापालट दहाएक वर्षे चालली आणि कुणाचेच समाधान झाले नाही.

सप्टेंबर १९९६ मध्ये ग्रासलँड बायपास प्रकल्प सुरू झाला. बदनाम सॅन लुईस ड्रेनचा खालचा २८ मैलांचा भाग पुन्हा उघडून सुमारे ९७,००० एकरांचा निचरा पाणथळींना वळसा घालून मड स्लू या ओढ्यातून सॅन वॉकीन नदीत न्यायचा. त्यामुळे पाणथळींचे ९३ मैल पाट एका दिवसात स्वच्छ पाण्याला मोकळे झाले. नुसते एवढेच असते तर विष इकडून तिकडे ढकलण्यापलीकडे काही झाले नसते, आणि टीकाकार तसे म्हणतही होते. पण करारात एक अट होती. कालव्याच्या तोंडाशी सेलेनियम मोजले जाईल. दर महिन्याची आणि वर्षाची मर्यादा ठरेल. ती वर्षागणिक घटत जाईल. ओलांडली तर दंडाची रक्कम भरायची. पाण्यातले प्रमाण किती यापेक्षा एकूण वजन किती, हा हिशेब होता. त्यामुळे जास्त पाणी मिसळून आकडा सुंदर दाखवण्याची सोय उरली नाही.

सुरुवातीची ओली वर्षे जड गेली. मर्यादा ओलांडल्या गेल्या, पैसे भरावे लागले. त्यातून शेतकरी हुशार झाले. सेलेनियम कमी करायचे तर निचरा कमी केला पाहिजे, आणि निचरा कमी करायचा तर मुळात पाणी कमी दिले पाहिजे. ब्रॉडव्ह्यू जलजिल्ह्याने तर बायपासच्या आधीच पायरीपायरीने वाढणारे पाण्याचे दर लावले होते: गरजेपुरते स्वस्त, वरचे महाग. पाटांना अस्तर झाले, ठिबक आणि तुषार आले, निचऱ्याचे पाणी ताज्या पाण्यात मिसळून पुन्हा शेतात फिरू लागले. जलजिल्ह्यांनी आपापसांत सेलेनियमचा कोटा विकायलाही सुरुवात केली. आणि उरलेल्या खाऱ्या निचऱ्यासाठी काही हजार एकर जमीन वेगळी काढून तिथे क्षार सोसणारे होसे टॉल व्हीटग्रास हे गवत लावले गेले. दोन दशकांत नदीकडे जाणारे सेलेनियम नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. कुठलेही महागडे शुद्धीकरण यंत्र त्याचे श्रेय घेऊ शकत नाही.

दक्षिणेला तुलारे खोऱ्यात मात्र वेगळाच मार्ग निघाला होता. तिथे निचरा खोऱ्याबाहेर नेणारी नदीच नाही, म्हणून बाष्पीभवनाची तळी केली गेली, आणि जोसेफ स्कोरुपा यांना शेकाट्यांच्या अंड्यांत तीच व्यंगे सापडली. मग तळ्यांचे काठ उभे केले, उथळ पाणी संपवले, म्हणजे लांब पायांच्या पक्ष्यांना उभे राहायला जागाच मिळू नये. काही ठिकाणी भरपाई म्हणून गोड्या पाण्याची स्वतंत्र पाणथळ बांधून द्यावी लागली.

नियमही हळूहळू बदलले. १९८७ साली संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने जलचरांसाठी लिटरला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. २०१६ मध्ये तिने उलटा विचार केला: आधी माशाच्या अंडाशयात आणि मांसात किती आहे ते पाहा, पाण्याचा आकडा नंतर. साचलेल्या पाण्यासाठी तो १.५ वर आणला, वाहत्यासाठी ३.१. केस्टरसनला एकेकाळी ३०० होता. काही जमिनी तर सिंचनातून कायमच्या बाहेर काढाव्यात, ही शिफारस १९९० च्या खोरे-निचरा अहवालात आली होती, आणि वेस्टलँड्समध्ये हजारो एकर तशा पडीक ठेवल्या गेल्या आहेत.

बायपास भागातल्या क्षार सोसणाऱ्या गवताच्या त्या शेतांचेही सगळे सुरळीत नाही. २००३ मध्ये एक कुरण चुकून पाण्याखाली गेले, शेकाटे आणि उचाटे तिथे घरटी करायला उतरले आणि त्यांच्या अंड्यांत सेलेनियम फार वर गेले. त्यानंतर उघडे निचरा-चर नळ्यांत घालणे किंवा जाळीने झाकणे, विणीच्या हंगामात पक्ष्यांना हुसकावणे आणि नमुन्याची अंडी गोळा करून तपासणे हा तिथल्या कामाचा भाग झाला. बायपासचा करार २०१९ अखेर संपला. तेव्हापासून शेतांचा निचरा नदीत सोडायचा नाही. कालव्यातून जायला मुभा आहे ती मोठ्या पावसात शेतांवरून वाहून आलेल्या पाण्याला. बाकीचे पाणी, आणि त्यातले मीठ व सेलेनियम, त्या गवताखालच्या मातीत दर हंगामाला थोडे थोडे साठते आहे.